कोरडवाहू शेती, दख्खनमधील

जलसिंचनाचा आधार नसलेल्या, कमी व अनिश्चित पर्जन्याच्या प्रदेशात केवळ पावसाच्या पाण्यावर व जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर केल्या जाणाऱ्या शेतीस कोरडवाहू किंवा जिराईत शेती म्हणतात. महाराष्ट्रातील पिकांखालील क्षेत्रापैकी सु. चार-पंचमांश क्षेत्र या प्रकारात मोडते. सह्याद्रीच्या पूर्वेस पुणे, सातारा व सांगली जिल्ह्यांचे पूर्व भाग, सोलापूर, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), बीड, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) इ. जिल्ह्यांतून पसरलेला अवर्षणप्रवण पट्टा हे तिचे प्रमुख क्षेत्र होय. येथील शेतकऱ्याने हवामानाशी जुळवून घेण्याच्या अनेक पद्धती पूर्वापार वापरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शासन आणि संशोधन संस्था यांनी त्यांत भर घातली. या पद्धतींनी अल्पभूधारकाच्या उपजीविकेत कितपत फरक पडला, हा त्यांच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. पीक वाढविणारी प्रत्येक पद्धती लहान शेतकऱ्याचे जीवन स्थिर करतेच असे नाही. बांध कोठून जावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि मुरलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, या बाबींवर तिचे फलित अवलंबून राहिले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बाष्पाचा मोठा भाग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर व माथ्यावर पडून जातो. पूर्वेकडे अल्पावधीतच पर्जन्यमान झपाट्याने घटते व पर्जन्यछायेच्या प्रदेशात ते वर्षाला सु. ५०० ते ७५० मिमी. एवढेच राहते. एकूण पर्जन्यापेक्षाही त्याचे वाटप अधिक त्रासदायक असते. जून-जुलैमधील पहिल्या पावसानंतर कित्येकदा तीन-चार आठवड्यांचा खंड पडतो. खरीप पिके या खंडात करपतात व दुबार पेरणीचा प्रसंग येतो. सप्टेंबरमधील उत्तरा व हस्त नक्षत्रांचा पाऊस त्या मानाने भरवशाचा असल्याने भारी काळ्या जमिनीत रब्बी हंगामच मुख्य मानला जातो. खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते व तिच्यातील ओलाव्यावर ज्वारी तयार होते. माळरानाच्या हलक्या, उथळ जमिनीत हा साठा होत नाही. त्यामुळे एकाच गावात, एकाच पावसावर, भारी जमीन असलेल्याचे वर्ष निभावते व हलक्या जमिनीवरचे कुटुंब मजुरीसाठी बाहेर पडते. अल्पभूधारकांच्या वाट्याला बहुधा दुसऱ्या प्रकारची जमीन आलेली असते.

पारंपरिक पद्धती : दख्खनच्या शेतकऱ्याचे ज्ञान मुख्यतः ओलावा राखण्याविषयीचे होते. उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या सुरुवातीस कुळवाच्या पाळ्या देऊन जमीन भुसभुशीत करणे, वाफसा येताच पाभरीने बियाणे ओलाव्याच्या थरापर्यंत पोहोचविणे, कोळपणी करून तण काढणे व भेगा बुजविणे या क्रिया त्याच हेतूने केल्या जात. उतारावरून वाहून जाणारी माती व पाणी अडविण्यासाठी शेताच्या खालच्या अंगास दगडमातीच्या ताली घातल्या जात. बाजरीत तूर, मटकी व हुलगा यांचे मिश्र पीक घेण्याची चाल होती. एक पीक गेले, तरी दुसरे हाती लागावे, असा तीत हिशेब असे. ज्वारीच्या कडेने लावलेली काटेरी करडई जनावरांपासून पिकाचे रक्षण करी व घरापुरते तेलही देई. ज्वारीचा कडबा हे दुय्यम उत्पन्न नव्हते. बैल जगविणे हे धान्य पिकविण्याइतकेच निकडीचे होते.

या पद्धतींना सामाजिक व्यवस्थेचा आधार होता. लाकडी नांगराने भारी जमीन नांगरण्यास बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. एकच बैल किंवा एकच जोडी असलेला कुणबी सावडीने वा इर्जिकीने काम भागवी. खानदेशात पांझरा व मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या पाण्यावर चालणारी फड पद्धती ही अशा सामूहिक व्यवस्थेचे प्रगत रूप होय. तीत लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे व पाण्याच्या पाळ्या गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यावयाच्या, असा नियम असे. फड पद्धती बागायतीची असली, तरी अपुरे पाणी वाटून घेण्याचा तिच्यातील विचार पुढे कोरडवाहू प्रदेशातही महत्त्वाचा ठरला.

दुष्काळ व कर्जबाजारीपणा : एकोणिसाव्या शतकात रोख रकमेत व ठराविक मुदतीत भरावयाचा शेतसारा, वाढती लोकसंख्या आणि वारसाहक्काने होणारे जमिनीचे तुकडे यांमुळे ही जुनी व्यवस्था कमकुवत झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धच्या दंग्यांना सुरुवात झाली व ते अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य अधिनियम संमत झाला. त्यापूर्वीच १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने या प्रदेशाची दैना केली होती. पुढे १८९६–९७ व १८९९–१९०० या वर्षी पुन्हा दुष्काळ पडले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज अधिनियम व १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम यांनुसार विहिरी, ताली, बैल व बियाणे यांसाठी तगाई मिळण्याची सोय झाली. तथापि तारण देऊ शकणाऱ्यासच ती मिळवणे सुलभ असल्याने लहान शेतकरी बहुतांशी सावकारावरच अवलंबून राहिला.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात या स्थितीची कठोर मीमांसा केली आहे. पावसाबरोबर वाहून जाणारी सुपीक माती व पाणी शेतातच मुरावे, यासाठी सरकारने लष्कर व पोलीस यांतील मनुष्यबळ लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे बांधावेत, अशी सूचना त्यांनी केली. मृद्‌संधारण हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील काम नसून त्याचा भार सार्वजनिक खर्चातून उचलला पाहिजे, हा विचार त्यांनी एवढ्या लवकर मांडला, हे लक्षणीय आहे.

पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व नंतर मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक झालेले हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या गावातील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये सु. ४० एकर होती; ती १९१४-१५ मध्ये सु. ७ एकरांवर आल्याचे त्यांना आढळले. बहुसंख्य कुटुंबांचा केवळ स्वतःच्या शेतीवर निर्वाह होत नव्हता. त्यानंतरच्या सर्व कोरडवाहू योजनांचे फलित या पार्श्वभूमीवर तपासावे लागते.

संशोधनाचा प्रारंभ : मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाच्या (१९२६–२८) शिफारशीवरून १९२९ मध्ये कृषी संशोधन परिषद स्थापन झाली. तिच्या साहाय्याने १९३३–३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथे संशोधन केंद्रे उघडण्यात आली. या संशोधनातून शेताला बांध घालणे, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, वारंवार कुळवणी, शेणखताचा वापर, बियाण्याचे कमी प्रमाण, दोन ओळींत अधिक अंतर आणि तीन-चार कोळपण्या अशी एक संयुक्त पद्धती निश्चित झाली. ती मुंबई कोरडवाहू पद्धती म्हणून ओळखली जाते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून १९३० नंतरच्या दशकात एम ३५–१ हा वाण तयार करण्यात आला. कमी होत जाणाऱ्या ओलाव्यावर तग धरणारा, भाकरीस उत्तम व भरपूर कडबा देणारा हा वाण नंतरच्या अनेक दशकांत रब्बी ज्वारीचा प्रमुख वाण राहिला.

मुंबई पद्धतीचा प्रसार मात्र मर्यादित झाला. त्या काळी कोरडवाहू ज्वारीचे उत्पादन हेक्टरी सु. २०० ते ४०० किग्रॅ. असे व या पद्धतीने त्यात साधारणतः १५ ते २० टक्के वाढ होई. याचा अर्थ हेक्टरी सु. ३० ते ८० किग्रॅ. ज्वारी जास्त मिळे. दोन हेक्टर जमिनीच्या पाच माणसांच्या कुटुंबास ही वाढ सरासरीने सव्वा ते दीड महिना पुरली असती. तिच्यासाठी खोल नांगरटीचे बैल, पुरेसे शेणखत व अधिक मजुरी लागे. शेणाच्या गोवऱ्या जळणासाठी लागणाऱ्या व एका बैलावर शेती करणाऱ्या कुटुंबास हा खर्च झेपणारा नव्हता. शेतकरी अज्ञानामुळे सुधारणा स्वीकारत नाही, असे त्या काळी अनेकदा म्हटले गेले. परंतु उपलब्ध साधनांचा हिशेब केल्यास त्याचा नकार सयुक्तिक ठरतो.

समपातळी बांधबंदिस्ती : १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीस कायदेशीर स्वरूप आले. विजापूर भागातील १९४२-४३ च्या दुष्काळात ती दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आली व स्वातंत्र्यानंतर तिचा मोठ्या प्रमाणावर विस्तार झाला. योजनेच्या क्षेत्रातील जमीनधारकांवर ती बंधनकारक असे व खर्चाचा भाग त्यांच्याकडून वसूल केला जाई. मध्यम खोलीच्या व हलक्या जमिनींत या बांधांमुळे धूप कमी झाली व ओलावा वाढला. भारी काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांमधून पाणी शिरून बांध फुटत. जेथे ते टिकत तेथे वरच्या बाजूस पाणी साचून पीक पिवळे पडे. त्यामुळे अशा जमिनींसाठी पुढे ढाळीचे बांध सुचविण्यात आले.

तांत्रिक दोषापेक्षा मालकीचा प्रश्न अधिक अवघड होता. समपातळी रेषा शेताची हद्द पाहून जात नाही. एक-दोन एकरांच्या पट्टीतून बांध तिरका गेला, की पट्टीचे दोन निरुपयोगी कोपरे होत, पाभर व कुळव वळविणे कठीण होई आणि काही जमीन कायमची बांधाखाली जाई. मोठ्या शेतकऱ्यास ही हानी नगण्य असे, लहान शेतकऱ्यास ती जाणवे. अडलेले पाणी व माती कित्येकदा शेजाऱ्याच्या शेतास उपयोगी पडे. परिणामतः अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी असे बांध हळूहळू नांगरून टाकले व आपल्या हद्दीवरील जुन्या बांधांची मात्र दरवर्षी डागडुजी चालू ठेवली. हद्दीवरचा बांध पाणी अडविण्यास कमी कार्यक्षम असला, तरी त्याचा लाभ व त्याची जबाबदारी एकाच कुटुंबाकडे राहत असे.

संकरित वाण व नवी अवजारे : सीएसएच–१ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. तो सु. १०० दिवसांत तयार होत असल्याने खरिपात त्याचा प्रसार झाला; मात्र बुटका असल्याने त्याचा कडबा कमी निघे व पक्वतेच्या वेळी पाऊस आल्यास दाणा काळा पडे. रब्बी पट्ट्यातील शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, याचे एक कारण बैल व दुभती जनावरे यांच्या चाऱ्यात आहे. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला. सोलापूर हे त्याचे एक केंद्र होते. १९७२ मध्ये हैदराबादजवळील पाटनचेरू येथे अर्धशुष्क उष्ण कटिबंधासाठी आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था (इक्रिसॅट) स्थापन झाली. काळ्या जमिनीतील जादा पाणी निचरून जावे व उरलेले मुरावे यासाठी रुंद वरंबा व सरी पद्धती या संस्थेत विकसित झाली. तिच्यासाठी तयार केलेले बैलांनी ओढावयाचे चाकांचे बहुउपयोगी अवजार फार महाग असल्याने लहान शेतकऱ्यांत रुजले नाही. अनेक वर्षांनंतर सोयाबीनच्या पेरणीसाठी ट्रॅक्टरचलित यंत्र भाड्याने मिळू लागले, तेव्हा हीच पद्धती महाराष्ट्रात पसरू लागली.

या संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेड या गावांतील कुटुंबांच्या उत्पन्नाची सलग पाहणी केली. मिश्र पिकांचा अवलंब लहान शेतकरी अधिक करतात, तसेच वाईट वर्षात कुटुंबाचा तोल पिकापेक्षा मजुरी, पशुधन व कर्ज यांवर सावरला जातो, असे तीतून दिसून आले. रोजगार हमीची कामे उपलब्ध असलेल्या गावांत भूमिहीन मजुरांच्या उत्पन्नातील चढउतार, अशी कामे नसलेल्या गावाच्या मानाने बराच कमी होता.

रोजगार हमी व पाणलोट विकास : १९७०–७३ या काळातील दुष्काळात लक्षावधी लोक दुष्काळी कामांवर गेले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचा अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेतून पाझर तलाव, नाला बांध, मृद्‌संधारण यांची कामे मोठ्या संख्येने झाली. खडी फोडण्याच्या कामावरील मजुरीपेक्षा या कामांचा उपयोग चिरस्थायी होता. तथापि पाझर तलावासाठी जमीन एकाची जाई व विहिरीचे पाणी खालच्या बाजूच्या दुसऱ्याचे वाढे. तलाव बांधणाऱ्या मजुरांपैकी ज्यांना विहीर नव्हती, त्यांना काम संपल्यावर त्या पाण्याचा प्रत्यक्ष लाभ नसे. १९९० मध्ये फळबाग लागवड या योजनेशी जोडण्यात आली. तिच्यामुळे बोर, डाळिंब, सीताफळ, आंबा यांची लागवड हलक्या जमिनीतही होऊ शकली. झाडे फळांवर येईपर्यंतचा काळ मजुरीच्या रूपाने भरून निघाल्याने लहान शेतकऱ्यास हा बदल परवडला.

पाण्याच्या हक्काचा प्रश्न पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी प्रत्यक्ष हाताळला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ग्राम गौरव प्रतिष्ठानामार्फत त्यांनी पाणी पंचायतीची चळवळ उभारली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार, माणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर एवढ्या क्षेत्रास द्यावे. ऊस घेऊ नये. भूमिहीनांनाही वाटा मिळावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये आणि लाभधारकांनी खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतः उचलावा, ही तिची तत्त्वे होत. अहमदनगर जिल्ह्यातील राळेगण सिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली आणि हिवरे बाजार येथे १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या कारकीर्दीत पाणलोट विकासाची कामे झाली. हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास व उसासारख्या पिकांना बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली. चराई बंदी, कुऱ्हाड बंदी यांसारखे नियम सुरुवातीस शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांना जाचक होते. ही कुटुंबे चारा कापून नेण्याची सोय किंवा दुधाचा पर्याय मिळेल, तेथेच नियमांत सामील होऊ शकली.

अलीकडील काळ : महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४·२८ हे. होती, ती २०१५-१६ मध्ये १·३४ हे. झाली. याच काळात पर्जन्याचे स्वरूपही बदलले. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५०–२०१५ या काळात सु. तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. राज्यात २०१२-१३ व २०१५-१६ मध्ये तीव्र टंचाई निर्माण झाली व एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी पिके व फळबागा उद्‌ध्वस्त केल्या. शासनाने २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान, २०१६ मध्ये मागणीनुसार शेततळे योजना व २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला.

शेततळ्यांच्या अनुभवातून जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवून खंडाच्या काळात पिकास एखाददुसरे पाणी देणे, हा त्यांचा मूळ हेतू. ज्वारी, तूर, हरभरा यांसारख्या पिकांना ऐन फुलोऱ्यात मिळालेले एक पाणी हंगाम वाचवू शकते. परंतु द्राक्षे व डाळिंबाच्या पट्ट्यात प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली मोठी तळी विहिरी व कूपनलिकांतून उपसलेल्या पाण्याने भरली जाऊ लागली. भूजल हे सर्वांचे. ते ज्याच्याकडे भांडवल आहे, त्याच्या तळ्यात जाऊन खाजगी झाले व शेजारच्या उथळ विहिरी लवकर कोरड्या पडू लागल्या. शिवाय अर्धा-एक हेक्टर जमीन असलेल्या कुटुंबास तळ्यासाठी जागा सोडणे कठीण असते.

मूल्यमापन : दख्खनमधील सु. दीडशे वर्षांचा अनुभव पाहता, ओलावा राखणाऱ्या पद्धतींनी बऱ्या वर्षांतील उत्पादन वाढविले व मध्यम वर्षांतील हानी कमी केली, यात शंका नाही. सलग दोन-तीन अवर्षणांत मात्र केवळ शेतीतील सुधारणा अपुऱ्या पडतात. त्या वेळी मजुरीचे काम, चारा, रेशनचे धान्य व कर्जवसुलीतील सवलत यांवरच लहान शेतकऱ्याची जमीन व बैल वाचणे अवलंबून असते. ज्या पद्धती अल्पभूधारकांनी टिकविल्या, त्यांचा खर्च थोडा होता, लाभ त्यांच्याच शिवारात राहत होता आणि धान्याबरोबर चाराही मिळत होता. मिश्र पिके, मालदांडी ज्वारी व हद्दीवरील बांध ही त्याची उदाहरणे होत. ज्या पद्धतींना मोठे भांडवल किंवा अनेकांच्या जमिनीतून जाणारी रचना आवश्यक होती, त्या गावाने मिळून नियम केले व पाळले तेथेच लहान शेतकऱ्यास उपकारक ठरल्या. एरवी त्यांचा लाभ विहीर व भांडवल असणाऱ्यांकडे गेला. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने भूजलाच्या उपशावर सामूहिक नियंत्रणाची तरतूद केली आहे. कोरडवाहू प्रदेशात मुरविलेले पाणी ते मुरविण्यासाठी राबलेल्या सर्व कुटुंबांना मिळणार किंवा कसे, हे अशा तरतुदींच्या अंमलबजावणीवर अवलंबून आहे.